मुक्त सॉफ्टवेअरमधील ‘वापरकर्ता’ आणि डेस्कटॉपवरील टाळेबंदी : एक चिकित्सा

सारांश

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने वापरकर्त्याचे स्वातंत्र्य हे आपले केंद्रीय मूल्य मानले आहे. तथापि, याच चळवळीतून निर्माण झालेल्या डेस्कटॉप प्रणालींमध्ये वापरकर्त्यावर निर्बंध घालणारी, म्हणजेच टाळेबंदीची, साधनेही विकसित झाली आहेत. हा केवळ आचार आणि विचार यांतील विसंवाद आहे, की मूळ विचारातच काही उणीव आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. परवान्याने मिळणारे स्वातंत्र्य सॉफ्टवेअरची प्रत ज्याच्या हाती येते त्याला मिळते. संगणकापुढे बसणारी व्यक्ती पुष्कळदा त्याहून वेगळी असते आणि तिच्या वाट्याला स्वातंत्र्याऐवजी मुभा येते, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्या अनुषंगाने टाळेबंदीचे मूल्यमापन करण्यासाठी तीन निकष शेवटी सुचविले आहेत.

बीजशब्द : मुक्त सॉफ्टवेअर, वापरकर्ता, डेस्कटॉप, टाळेबंदी, परवाना, प्रशासक.

१. प्रस्तावना

मराठी भाषेत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत या दोन्ही अर्थांसाठी ‘फ्री’ हा एकच शब्द असल्यामुळे, आपला आग्रह किमतीविषयी नसून स्वातंत्र्याविषयी आहे, हे मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांना वारंवार सांगावे लागले. मराठी वाचकाला हा भेद वेगळा समजावून देण्याची गरज नाही. मात्र मराठीत आणखी एक भेद सहज होतो आणि तो या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. तो भेद म्हणजे ‘स्वातंत्र्य’ आणि ‘मुभा’ यांतील होय. स्वातंत्र्य हा हक्क असतो. मुभा दुसऱ्या कोणी तरी दिलेली असते आणि देणाऱ्याला ती केव्हाही काढून घेता येते. मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या संगणकापुढे बसलेल्या व्यक्तीला यांपैकी नेमके काय मिळते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘टाळेबंदी’ हा शब्दही येथे विचारपूर्वक योजला आहे. मराठी समाजाला तो आधी गिरण्या-कारखान्यांच्या संदर्भात परिचित झाला आणि २०२० मध्ये साथीच्या काळात घरोघरी पोहोचला. या दोन्ही प्रसंगी टाळे लावणारा आणि टाळ्याचा परिणाम भोगणारा हे दोघे वेगळे होते. संगणकाच्या क्षेत्रात ‘लॉकडाउन’ ही संज्ञा त्याही आधीपासून रूढ आहे. वापरणाऱ्याला काही सेटिंग बदलता येऊ नयेत, काही आज्ञा देता येऊ नयेत, काही कामे करता येऊ नयेत, अशी व्यवस्था असा तिचा अर्थ आहे. येथेही किल्ली कोणाकडे आहे हाच कळीचा प्रश्न ठरतो.

२. परवान्यातील ‘वापरकर्ता’

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ मध्ये ग्नू जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली. या संस्थेने मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या चार स्वातंत्र्यांच्या आधारे केली आहे. सॉफ्टवेअर कोणत्याही हेतूने चालविणे, त्याचा अभ्यास करून त्यात बदल करणे, त्याच्या प्रती इतरांना देणे आणि बदललेल्या प्रतीही इतरांना देणे, अशी ही चार स्वातंत्र्ये आहेत. त्यांची मोजणी शून्यापासून होते. म्हणून कोणत्याही हेतूने चालविण्याच्या स्वातंत्र्याला ‘शून्यावे स्वातंत्र्य’ म्हटले जाते.

ही स्वातंत्र्ये प्रत्यक्षात आणण्याचे साधन म्हणजे ग्नू जनरल पब्लिक लायसन्स, अर्थात जीपीएल हा परवाना होय. त्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये, दुसरी १९९१ मध्ये आणि तिसरी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. हा परवाना स्वामित्वहक्काच्या कायद्यावर उभा आहे. त्यामुळे त्यातील बंधने सॉफ्टवेअरची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा लागू होतात. प्रत देणाऱ्याने सोर्स कोडही दिला पाहिजे आणि घेणाऱ्याला तेच हक्क दिले पाहिजेत, असे या परवान्याचे सूत्र आहे.

या सूत्राची एक मर्यादा सहसा लक्षात घेतली जात नाही. एखाद्या संस्थेने स्वतःच्या उपयोगासाठी सॉफ्टवेअरच्या अनेक प्रती करून आपल्याच संगणकांवर बसविल्या, तर ते वितरण ठरत नाही, असे स्पष्टीकरण फाउंडेशनने परवान्याविषयीच्या आपल्या प्रश्नोत्तरांत दिले आहे. कारण तेथे संस्था स्वतःसाठीच प्रती करीत असते. कायद्याच्या दृष्टीने हे स्पष्टीकरण सयुक्तिक आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, त्या संगणकावर दिवसभर काम करणारा लिपिक, प्रयोगशाळेत बसणारा विद्यार्थी किंवा ग्रंथालयात येणारा वाचक परवान्याच्या दृष्टीने प्रत मिळालेला पक्ष ठरत नाही. त्याला यंत्रापुढील खुर्ची मिळालेली असते, प्रत मिळालेली नसते. अशा रीतीने ‘वापरकर्ता’ या एका शब्दात प्रत मिळालेला आणि यंत्रापुढे बसलेला अशा दोन भिन्न व्यक्ती एकत्र आल्या आहेत. घरच्या संगणकावर या दोन व्यक्ती बहुधा एकच असतात, म्हणून हा भेद जाणवत नाही. संस्थेच्या संगणकावर त्या वेगळ्या होतात आणि टाळेबंदीचा प्रश्न तेथेच उद्भवतो.

३. चळवळीच्या आरंभीचा पासवर्डविरोध

हा प्रश्न चळवळीला आरंभी माहीत नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत स्टॉलमन यांची जडणघडण झाली. तेथील जुन्या सामाईक संगणकप्रणालीवर आरंभी पासवर्डची पद्धतच नव्हती. कोणीही बसावे, कोणीही दुरुस्ती करावी, असा तेथील रिवाज होता. पुढे पासवर्ड आले तेव्हा स्टॉलमन यांनी त्यांना उघड विरोध केला आणि सहकाऱ्यांनी पासवर्ड कोराच ठेवावा असे आवाहन केले.

या भूमिकेचा एक लेखी पुरावा अनपेक्षित ठिकाणी आढळतो. युनिक्स पद्धतीच्या प्रणालीत एका वापरकर्त्याने दुसऱ्याचे, विशेषतः सर्वाधिकारी ‘रूट’ खात्याचे, अधिकार घेण्यासाठी ‘एसयू’ नावाची आज्ञा असते. काही युनिक्स प्रणालींत ‘व्हील’ नावाच्या गटाबाहेरील व्यक्तीला, रूटचा पासवर्ड ठाऊक असूनही, ही आज्ञा वापरता येत नाही. ग्नू प्रकल्पाच्या एसयूमध्ये ही सोय जाणीवपूर्वक ठेवली नव्हती आणि त्यामागील कारण स्टॉलमन यांनी तांत्रिक माहितीपुस्तिकेतच नोंदविले होते. १९८४ मध्ये प्रयोगशाळेतील काही जणांनी एका यंत्राचा सर्वाधिकाराचा पासवर्ड बदलून तो स्वतःपुरता गुप्त ठेवला आणि आपण प्रणालीच्या गाभ्यात बदल करून तो अधिकार सर्वांना परत मिळवून दिला, असा प्रसंग त्यांनी तेथे सांगितला आहे. सामान्य वापरणाऱ्यांना सहानुभूतीपोटी कोणी पासवर्ड सांगितला, तर व्हील गटाच्या योजनेमुळे त्याचा उपयोग होणार नाही, म्हणून ती योजना नको, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. एक तर येथे ‘वापरकर्ता’ म्हणजे निःसंशयपणे यंत्रापुढे बसलेली व्यक्ती आहे. प्रशासक हा तिचा विरुद्ध पक्ष आहे. दुसरे असे की, ही भूमिका परवान्यात उतरलेली नाही. परवान्याने सॉफ्टवेअरचा निर्माता आणि ते घेणारा यांच्यातील संबंध बदलले. एकाच यंत्रावरील प्रशासक आणि सामान्य वापरणारा यांच्यातील संबंधांना त्याने हात लावला नाही. एसयूमागील विचार एका आज्ञेच्या माहितीपुस्तिकेपुरता राहिला. पुढे २०१२ च्या सुमारास ती आज्ञाच ग्नूच्या मूलभूत साधनांच्या संचातून वगळण्यात आली.

४. डेस्कटॉपवरील कुलुपे

मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात सामान्य माणसासाठी डेस्कटॉप घडविण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. मॅथियास एट्रिच यांनी १९९६ मध्ये केडीई प्रकल्पाची घोषणा केली. केडीई ज्या ‘क्यूटी’ संचावर आधारलेले होते, त्याचा परवाना त्या वेळी मुक्त नव्हता. या कारणाने मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी १९९७ मध्ये ग्नोम प्रकल्प सुरू केला. म्हणजे ग्नोमचा जन्मच परवान्याच्या स्वातंत्र्याविषयीच्या आग्रहातून झाला आहे.

हे डेस्कटॉप कार्यालये व शाळांपर्यंत पोहोचू लागले तेव्हा तेथील प्रशासकांकडून निर्बंधांच्या साधनांची मागणी होणे स्वाभाविक होते. केडीईच्या तिसऱ्या आवृत्तीच्या काळात ‘किऑस्क’ नावाची चौकट विकसित झाली. सेटिंगच्या फाइलमध्ये एखाद्या ओळीपुढे विशिष्ट खूण केली की ती सेटिंग वापरणाऱ्याला बदलता येत नाही, अशी तिची रचना आहे. ग्नोममध्ये आधी जीकॉन्फ या सेटिंगसाठ्यात ‘अनिवार्य’ मूल्ये ठरविण्याची सोय होती आणि ती कुलुपे लावण्यासाठी ‘पेस्युलस’ नावाचे स्वतंत्र साधनही उपलब्ध होते. २०११ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून जीकॉन्फची जागा डीकॉन्फने घेतली. त्यातही प्रशासकाला कुलुपांची यादी ठेवता येते. आज्ञा-ओळ बंद करणे, छपाई बंद करणे, फाइल साठविण्यास मनाई करणे, वापरकर्ता बदलू न देणे, या सेटिंगचा तर ‘लॉकडाउन’ याच नावाचा स्वतंत्र गट ग्नोममध्ये आहे.

ही साधने स्वतः मुक्त सॉफ्टवेअर आहेत. त्यांचा सोर्स कोड उपलब्ध आहे, तो बदलता येतो, त्याच्या प्रती वाटता येतात. परवान्याच्या कसोटीवर त्यांत कोणताही दोष दाखविता येत नाही. मात्र ज्याच्यावर त्यांचा प्रयोग होतो, त्याला या चारपैकी एकही स्वातंत्र्य त्या यंत्रावर वापरता येत नाही. त्याने सोर्स कोड वाचला तरी त्या यंत्रावर बदललेली प्रत बसविण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

मराठी भाषेच्या संदर्भात याचा परिणाम ठळकपणे दिसतो. ग्नोम आणि केडीई या दोन्ही डेस्कटॉपांचे मराठी भाषांतर झालेले आहे. स्वयंसेवकांनी आणि पुण्यातील रेड हॅटच्या कार्यालयातील भाषांतरकारांनी त्यासाठी परिश्रम घेतले. ‘लोहित’सारखे मुक्त देवनागरी टंक उपलब्ध झाले. कोणत्याही कंपनीची परवानगी न घेता एखाद्या भाषेला संगणकावर आणता येणे, हे बदल करण्याच्या आणि वाटण्याच्या स्वातंत्र्याचे उत्तम फलित होय. परंतु संस्थेच्या संगणकावर मराठी भाषासंच बसविण्यासाठी प्रशासकाचा अधिकार लागतो. ग्नोममध्ये कळफलकांची यादी हीदेखील एक सेटिंग आहे आणि इतर सेटिंगप्रमाणे तिलाही कुलूप लावता येते. तसे झाल्यास इनस्क्रिप्ट कळफलक प्रणालीत असूनही समोर बसलेल्या व्यक्तीला तो निवडता येणार नाही. भाषेला परवान्याने स्वातंत्र्य मिळाले. ती भाषा लिहिणाऱ्याला मात्र मुभेची वाट पाहावी लागते.

५. निवड कमी करणे आणि कुलूप लावणे

येथे एका गल्लतीचा निरास करणे आवश्यक आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्या प्रकल्पाने सेटिंगची संख्या कमी ठेवण्याचे धोरण स्वीकारले. प्रत्येक वाढीव पर्यायाची किंमत असते आणि पर्यायांचा ढीग म्हणजे चांगली रचना नव्हे, अशी त्यामागील भूमिका हॅवॉक पेनिंग्टन यांनी त्याच सुमारास मांडली होती. या धोरणावर कठोर टीका झाली. लिनक्स कर्नलचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ग्नोमवर तीव्र शब्दांत टीका करून लोकांनी केडीई वापरावे असे सुचविले. ग्नोम वापरणाऱ्याला निर्बुद्ध समजते, असा त्यांचा आक्षेप होता. २०११ मध्ये ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीने डेस्कटॉपची परिचित मांडणीच बदलली, तेव्हा हा असंतोष पुन्हा उफाळून आला.

अनेक टीकाकारांनी याला स्वातंत्र्याचा संकोच म्हटले. हे मत काटेकोर नाही. ग्नोमने पर्याय कमी केले, पण कोणालाही अडवून ठेवले नाही. त्याचा पुरावा त्याच वर्षी मिळाला. अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीचा सोर्स कोड घेऊन ‘माते’ नावाने ती परंपरा पुढे चालू केली. लिनक्स मिंट या वितरणाने ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीवर आधारित ‘सिनॅमन’ उभारला. निर्मात्याचा निर्णय न पटल्यास शाखा वेगळी करता येणे, हा मुक्त सॉफ्टवेअरमधील वापरकर्त्याचा अंतिम उपाय आहे आणि तो येथे परिणामकारक ठरला.

मात्र हा उपाय कोणाला उपलब्ध आहे, हे पाहिले पाहिजे. माते किंवा सिनॅमन बसविण्यासाठी यंत्रावर अधिकार असावा लागतो. घरच्या संगणकाच्या मालकाला तो असतो, कार्यालयातील लिपिकाला नसतो. निर्मात्याने निवड कमी केली तर शाखा काढता येते. प्रशासकाने कुलूप लावले तर शाखा काढूनही उपयोग होत नाही. म्हणून या दोन गोष्टींना एकाच नावाने संबोधणे योग्य नाही. पहिली रचनेविषयीची मतभिन्नता आहे, तर दुसरी अधिकाराचा प्रश्न आहे.

६. यंत्राच्या मुळाशी असलेले कुलूप

डेस्कटॉपवरील कुलुपे यंत्राचा प्रशासक लावतो. पुढील काळात त्याहून खोलवरची कुलुपे आली आणि प्रशासक स्वतःच कुलुपाच्या आत सापडण्याची शक्यता निर्माण झाली. याची पहिली मोठी चर्चा डेस्कटॉपच्या क्षेत्राबाहेर झाली. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम मुद्रित करणाऱ्या टिव्हो या यंत्रात लिनक्स वापरलेले होते. कंपनी नियमानुसार सोर्स कोड देत असे. परंतु त्यात बदल करून तो पुन्हा यंत्रावर चढविल्यास, कंपनीची डिजिटल सही नसल्यामुळे यंत्र तो चालवीत नसे. परवान्याचे शब्द पाळले गेले, पण हेतू पराभूत झाला. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने यावर उपाय केला. घरगुती वापराच्या यंत्राची विक्री करताना बदललेले सॉफ्टवेअर त्यावर बसविण्यासाठी लागणारी माहितीही दिली पाहिजे, असे कलम तिच्यात घालण्यात आले. लिनक्स कर्नल मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिले. शिवाय हे कलमही यंत्राचा ताबा ज्याला मिळतो त्याचे रक्षण करते. दुसऱ्याच्या यंत्रापुढे बसणाऱ्याचा विचार त्यातही नाही.

डेस्कटॉपपुरता हा प्रश्न २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत आलेल्या ‘सिक्युअर बूट’ या व्यवस्थेने उभा केला. यंत्र सुरू होताना केवळ मान्य सही असलेली प्रणालीच चालू द्यावी, असे तिचे स्वरूप आहे. बहुतेक यंत्रांत मायक्रोसॉफ्टची किल्ली आधीच बसविलेली असते. त्यामुळे लिनक्सच्या वितरणांना मायक्रोसॉफ्टची सही असलेला ‘शिम’ नावाचा छोटा कार्यक्रम मध्ये घालावा लागला. विंडोज ८ च्या नियमांनुसार नेहमीच्या डेस्कटॉप यंत्रांत ही व्यवस्था बंद करण्याची सोय मालकाला देणे बंधनकारक होते. एआरएम प्रक्रियकाच्या यंत्रांत मात्र ती बंद करू देण्यास मनाई होती. २०१५ मध्ये विंडोज १० आल्यावर डेस्कटॉपवरील ही सोयही निर्मात्याच्या इच्छेवर सोपविण्यात आली. हक्क म्हणून असलेली गोष्ट मुभा कशी होते, याचे हे बोलके उदाहरण आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने या संदर्भात ‘सुरक्षित’ आरंभ आणि ‘प्रतिबंधित’ आरंभ असा भेद केला. किल्ल्या मालकाच्या हाती असतील तर ती सुरक्षा, नसतील तर तो प्रतिबंध, असा त्याचा आशय आहे.

या प्रवासाचा पुढचा टप्पा स्वतः लिनक्स कर्नलमध्ये आला. २०१९ मधील ५.४ या आवृत्तीत ‘लॉकडाउन’ नावाचीच सोय समाविष्ट झाली. ती लागू असताना रूट खात्यालाही चालू कर्नलमध्ये बदल करता येत नाहीत किंवा सही नसलेले कर्नलचे भाग चढविता येत नाहीत. या सोयीवर अनेक वर्षे वाद झाला. सिक्युअर बूट चालू असेल तर हे निर्बंध आपोआप लागू व्हावेत, या कल्पनेला टॉरवाल्ड्स यांनी २०१८ मध्ये विरोध केला होता. अखेर मूळ कर्नलमध्ये दोन्ही गोष्टी स्वतंत्र ठेवण्यात आल्या. स्टॉलमन यांनी १९८४ मध्ये गाभ्यात बदल करून सर्वाधिकार सर्वांना परत मिळवून दिला होता. नेमका तोच मार्ग आता बंद करण्याची सोय त्याच परंपरेतील प्रणालीत आली आहे. यंत्रात शिरलेल्या घुसखोराला अडविण्यासाठी ती उपयुक्त आहे, यात शंका नाही. पण घुसखोर आणि बंडखोर वापरकर्ता यांत यंत्राला फरक करता येत नाही.

७. दोन उदाहरणे

जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये आपले संगणक लिनक्सवर आणण्याचा निर्णय घेतला. ‘लिमक्स’ नावाच्या या प्रकल्पात २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणकांचे स्थलांतर पूर्ण झाले. २०१७ मध्ये महापालिकेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरविले आणि २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने शक्य तेथे मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे जाहीर केले. या प्रकल्पाच्या यशापयशावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, एका विक्रेत्यावर अवलंबून न राहण्याचे जे स्वातंत्र्य मिळाले ते महापालिकेला मिळाले. प्रणाली बदलण्याचा, परत फिरण्याचा आणि पुन्हा वळण्याचा अधिकार तिचाच होता. हे स्वातंत्र्य खरे आणि सार्वजनिक हिताचे आहे. परंतु ते संस्थेचे स्वातंत्र्य आहे. कर्मचाऱ्याच्या स्वातंत्र्याशी त्याची गल्लत करता येत नाही.

दुसरे उदाहरण टोकाचे आहे. उत्तर कोरियाची ‘रेड स्टार’ ही प्रणाली लिनक्सवर आधारित असून तिच्या तिसऱ्या आवृत्तीचा डेस्कटॉप केडीईपासून घडविलेला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये हॅम्बर्ग येथील एका परिषदेत दोन जर्मन संशोधकांनी तिचे विश्लेषण सादर केले. ही प्रणाली वापरणाऱ्याच्या फाइलींवर, नकळत, यंत्राची ओळख सांगणारी खूण उमटविते. त्यामुळे एखादी फाइल कोणकोणत्या यंत्रांवरून गेली हे शोधता येते. प्रणालीच्या महत्त्वाच्या फाइलींत कोणी बदल केल्यास यंत्र पुनःपुन्हा बंद होऊन सुरू होत राहते. येथे मुक्त सॉफ्टवेअरपासून पाळतीचे यंत्र तयार झाले आहे. आणि शून्याव्या स्वातंत्र्याचा अर्थच असा आहे की, परवान्याला हेतूवर बंधन घालता येत नाही. म्युनिक आणि रेड स्टार यांची नैतिक तुलना अर्थातच होऊ शकत नाही. तरीही सॉफ्टवेअरचा परवाना मुक्त असणे एवढ्यावरून समोर बसलेल्या माणसाची स्थिती कळत नाही, हे दोन्ही उदाहरणांतून सिद्ध होते.

८. टाळेबंदीच्या समर्थनाचा पक्ष

टाळेबंदीचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही. सामाईक यंत्रावर एकाच्या मोकळिकीचा त्रास दुसऱ्याला होतो. ग्रंथालयातील संगणकावर आधी बसलेल्या वाचकाने भाषा, पडद्याची मांडणी आणि ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलून ठेवले, तर नंतरच्या वाचकाचा वेळ ते पूर्ववत करण्यात जातो. परीक्षेच्या वेळी सर्वांना सारखी यंत्रे मिळणे हा न्यायाचा भाग आहे. रुग्णालयातील किंवा बँकेतील यंत्रावर अन्य लोकांची खासगी माहिती असते. चाळीस संगणकांच्या प्रयोगशाळेची देखभाल एकाच व्यक्तीकडे असेल, तर काही सेटिंग स्थिर ठेवण्यावाचून तिला पर्याय नसतो. पासवर्ड नसलेल्या प्रयोगशाळेचा आदर्श एकमेकांना ओळखणाऱ्या थोड्या तज्ज्ञांच्या समुदायात शक्य होता. तो आहे तसा सर्वत्र लागू करता येणार नाही.

मात्र हे समर्थन मान्य केले तरी त्याची व्याप्ती मर्यादित आहे. इतरांचे हित हे त्याचे कारण आहे. म्हणून जे कुलूप इतरांच्या हिताशी संबंधित नाही, त्याला हे समर्थन लागू पडत नाही. कळफलकांच्या यादीत मराठी जोडल्याने नंतर येणाऱ्याचे काहीही बिघडत नाही; प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असेल तर अजिबातच नाही. सरसकट टाळेबंदी सोयीची असते, म्हणून ती न्याय्य ठरत नाही. याउलट, वापरकर्त्याच्या नावाने प्रत्येक कुलूप अन्यायाचे ठरविणे हेही अतिरेकी आहे.

९. मूल्यमापनाचे निकष

वरील विवेचनाच्या आधारे टाळेबंदीचे मूल्यमापन करण्यासाठी तीन निकष सुचविता येतात.

पहिला निकष दृश्यतेचा आहे. कोणती गोष्ट बंद आहे आणि ती कोणी बंद केली, हे वापरणाऱ्याला कळले पाहिजे. या बाबतीत दोन्ही डेस्कटॉप उणे पडतात. ग्नोममध्ये कुलूप लावलेली सेटिंग सहसा निव्वळ फिकट दिसते. केडीईमध्ये मनाई केलेली कृती यादीतून गायब होऊ शकते. वापरणाऱ्याला हा प्रणालीचा दोष वाटतो किंवा अशी सोयच नाही असे वाटते. याउलट फायरफॉक्स हा ब्राउझर संस्थेच्या धोरणाखाली असेल तर तसे सेटिंगच्या पानावर सांगतो आणि लागू असलेल्या धोरणांची यादीही पाहता येते. हे तंत्र अवघड नाही. डेस्कटॉपनेही ते स्वीकारावयास हवे.

दुसरा निकष प्रमाणाचा आहे. प्रत्येक कुलपामागे इतरांच्या हिताचे सांगता येण्याजोगे कारण असावे. भाषा, अक्षरांचा आकार, रंगसंगती, दृष्टिबाधितांसाठीची सहायक साधने या वैयक्तिक गोष्टी सामान्यतः कुलपाबाहेर राहाव्यात. या सेटिंग सौंदर्याच्या नसून कित्येकांच्या बाबतीत संगणक वापरता येणे अथवा न येणे त्यांवर अवलंबून असते.

तिसरा निकष बाहेर पडण्याच्या वाटेचा आहे. व्यक्तीला आपले काम खुल्या स्वरूपातील फाइलींत सोबत नेता यावे आणि तेच सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावर मोकळेपणाने चालविता यावे. क्लाउस क्नॉपर यांच्या २००० मधील ‘क्नॉपिक्स’ने, मूळ यंत्रात काहीही न बदलता सीडीवरून संपूर्ण प्रणाली चालविण्याची पद्धत लोकप्रिय केली. यंत्र दुसऱ्याचे, पण प्रणाली स्वतःची, अशी ही तडजोड होती. सिक्युअर बूटसारख्या व्यवस्थेच्या किल्ल्या मालकाच्या हाती राहणे आवश्यक आहे, ते अशा वाटा बुजू नयेत म्हणूनही. मुक्त सॉफ्टवेअरची स्वामित्वाधीन सॉफ्टवेअरवरील खरी सरशी या निकषावर दिसते. संस्थेच्या यंत्रावर बंद असलेली तीच प्रणाली विद्यार्थ्याला घरच्या जुन्या संगणकावर, एकही कुलूप न ठेवता, बसविता येते.

१०. समारोप

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने निर्माता आणि ग्राहक यांच्यातील सत्तासंबंध बदलला, हे तिचे ऐतिहासिक कार्य आहे. परंतु प्रशासक आणि यंत्रापुढे बसलेली व्यक्ती यांच्यातील सत्तासंबंध तिच्या परवान्यांच्या कक्षेबाहेर राहिला. एसयूच्या माहितीपुस्तिकेत तो प्रश्न एकदा स्पष्टपणे मांडला गेला आणि नंतर मागे पडला. केडीई व ग्नोममधील कुलुपे, सिक्युअर बूट आणि कर्नलमधील लॉकडाउन ही त्या राहून गेलेल्या प्रश्नाची क्रमाक्रमाने वाढत गेलेली रूपे आहेत.

या उणिवेवर आणखी एका परवान्याने मात होईल असे दिसत नाही. प्रशासकाने आपल्या यंत्रावर काय करावे हे स्वामित्वहक्काच्या कायद्याने ठरविता येणार नाही आणि तसे केल्यास शून्याव्या स्वातंत्र्यालाच बाध येईल. येथे उपयोगी पडतील ते डेस्कटॉपच्या रचनाकारांचे निर्णय आणि संस्थांचे लेखी नियम. कुलूप दिसेल असे ठेवणे हे रचनाकाराच्या हाती आहे. कुलपाचे कारण सांगणे आणि ते काढण्याची मागणी कोणाकडे करावी हे नमूद करणे संस्थेच्या हाती आहे. शाळा-महाविद्यालये आणि शासकीय कार्यालये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारतात तेव्हा खर्चात किती बचत झाली, याचा हिशेब आवर्जून मांडला जातो. त्याच हिशेबात आणखी एक रकाना असावयास हवा. त्या संगणकापुढे बसणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा कर्मचाऱ्याला काय काय बदलता येते आणि जे बदलता येत नाही ते का, याची नोंद त्यात असावी. असा रकाना भरण्याची वेळ आली म्हणजे आपण स्वातंत्र्य दिले आहे की मुभा, हे संस्थेला स्वतःलाच कळेल.